पुढच्या गाडीला बसलेली धडक : लेकीस पत्र

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू तीन वेळा म्हणालीस की चूक माझीच आहे, त्या गृहस्थांना त्यांच्या बंपरचे पैसे देते आणि विषय संपवते. तुला कुठे लागलेले नाही आणि तेही आपल्या पायांनी चालत, बोलत होते, हे ऐकून तुझ्या आईचा आणि माझा जीव भांड्यात पडला. मात्र विषय संपवण्याची तुझी जी घाई दिसली, ती मला रात्रभर टोचत राहिली. फोनवर बोलायला लागलो की तू मध्येच ‘बाबा, कळलं’ म्हणतेस, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी चुकीविषयी. सिग्नलपाशी वाहतूक सरकत असताना पुढची मोटार थांबली आणि तुझी तिच्यावर आदळली, एवढे तू सांगितलेस. मागच्या चालकाने पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर राखले पाहिजे हा नियम जवळजवळ सर्वत्र आहे, त्यामुळे मागून धडक बसली की दोष मागच्याचा, असे धरूनच पुढची चौकशी चालते. त्यामागे साधा हिशेब आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. पुढचे दिवे लाल झालेले डोळ्यांना दिसून, ते मनाला उमजून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १६ ते १७ मीटर रस्ता हातचा गेलेला असतो. तुझा वेग याहून पुष्कळ कमी होता हे मला मान्य आहे, पण अंतरही तितकेच कमी होते. मागच्या काचेत उंचावर असणारा तिसरा ब्रेकचा दिवा तू रोज पाहतेस. तो अशाच धडका कमी व्हाव्यात म्हणून आला, आणि अमेरिकेत १९८६ सालच्या मॉडेलांपासून तो नव्या मोटारींना सक्तीचा झाला. दिवा कितीही उंच लावला तरी मधले अंतर आपणच ठेवावे लागते, हे वेगळे.

असे असले तरी गृहीत धरलेला दोष हा शेवटचा निकाल नसतो. पुढची मोटार उलट दिशेने मागे आली असेल, तिचे ब्रेकचे दिवे बंद असतील, ती शेजारच्या रांगेतून ऐनवेळी पुढे घुसून थांबली असेल किंवा तुलाच मागून कोणी ढकलले असेल, तर दोषाची वाटणी बदलते. शेवटच्या प्रकारात एक मजेदार पुरावा असतो. पुढच्या माणसाला एकच हिसका बसला की दोन, हे त्याला विचारावे: मागच्याने ढकलल्यामुळे तू त्याच्यावर गेली असशील, तर त्याला बहुधा एकच हिसका जाणवतो, तू आधी आदळलीस आणि मग तुला कोणी ठोकले, तर दोन जाणवू शकतात. खुणांची उंचीही बोलते. जोरात ब्रेक दाबला की मोटारीचे नाक खाली झुकते, त्यामुळे ब्रेक लावत आदळलेल्या मोटारीच्या खुणा पुढच्या मोटारीच्या मागच्या बंपरवर अपेक्षेपेक्षा खाली उमटतात. तुझ्या बाबतीत यांपैकी काही घडले असेल असे मला वाटत नाही. पण ते ठरवण्याचे काम, हात थरथरत असताना, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या तुझे नव्हे.

म्हणून जे घडले ते जसेच्या तसे सांग. त्यात एक अक्षरही लपवू नकोस आणि एक अक्षरही वाढवू नकोस. ‘मी मागून येत होते, पुढची मोटार थांबली, मी ब्रेक लावला आणि धडक बसली’ हे घटनेचे वर्णन झाले. ‘सगळी चूक माझी, सगळा खर्च मी देईन’ हा निकालही झाला आणि करारही झाला. विम्याच्या बहुतेक पॉलिसींत अशी अट असते की कंपनीच्या संमतीवाचून विमाधारकाने दायित्व कबूल करू नये आणि भरपाईचे वचन देऊ नये. ही अट पाहून तुला राग येईल, कारण प्रामाणिक माणसाला गप्प बसवण्याची ती युक्ती वाटते. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. पण पैसे ज्याला द्यायचे आहेत त्याला, ते किती आणि कशाबद्दल द्यायचे हे तपासण्याचा हक्क असतो, एवढाच तिचा अर्थ आहे. माणूस म्हणून ‘तुम्हाला त्रास झाला, मला वाईट वाटते’ असे म्हणायला कोणतीही पॉलिसी अडवत नाही.

आता तुझा खरा प्रश्न: विमा कंपनीला मध्ये आणायचे की परस्पर मिटवायचे? तू दोन गोष्टींची गल्लत करते आहेस. कंपनीला कळवणे वेगळे आणि दावा दाखल करणे वेगळे. अपघात लहान असला तरी ठरलेल्या मुदतीत कळवण्याची अट बहुधा असतेच. ती पाळली नाहीस आणि महिन्याभराने समोरच्याने मोठी मागणी केली, तर कंपनी हात वर करण्याची भीती असते. म्हणून आज कळव. दावा करायचा की नाही ते दुरुस्तीच्या खर्चाचे अंदाजपत्रक हातात आल्यावर ठरव.

ते ठरवताना दोन मोटारी मनात वेगळ्या ठेव. त्यांच्या मोटारीचे नुकसान तुझ्या पॉलिसीतील थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागातून जाते. तुझ्या स्वतःच्या मोटारीची दुरुस्ती, तू स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा घेतला असशील तरच, त्या भागातून होते. तुझ्या मोटारीच्या बाबतीत दुरुस्तीच्या रकमेतला ठरावीक पहिला हिस्सा तुला स्वतःलाच भरावा लागतो, काही पॉलिसींत जुन्या प्लास्टिकच्या व रबरी भागांवर घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो, आणि दावा केल्यामुळे पुढच्या हप्त्यातली नो क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी, सवलत जाऊ शकते. या तिन्हींची बेरीज दुरुस्तीच्या खर्चाच्या आसपास येत असेल, तर स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करणे शहाणपणाचे आहे, आणि साध्या ओरखड्याच्या बाबतीत ती बहुधा तशीच येते. सवलत कोणत्या प्रकारच्या दाव्याने जाते आणि कोणत्याने जात नाही, हे पॉलिसीच्या कागदात लिहिलेले असते. ते चार पानांचे बारीक अक्षर एकदा बसून वाच. आपण घरात त्या कागदाची फक्त पहिल्या पानाची तारीख पाहतो.

त्या गृहस्थांना मात्र आज पैसे देऊ नकोस. ते नंतर आणखी मागतील आणि फसवतील, अशी शंका तुझ्या मैत्रिणीने घेतली असे तू म्हणालीस. मला वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण तो पुढचा माणूस एकदा मीच होतो. तू तेव्हा लहान होतीस. एका तरुणाने माझ्या मोटारीला मागून हलकीशी धडक दिली. तो घाबरला होता, बंपरवर बोटभर ओरखडा होता, आणि मी मोठ्या मनाने ‘जाऊ दे’ म्हटले. त्याचे नाव किंवा मोटारीचा क्रमांकही लिहून घेतला नाही. पुढच्या पावसाळ्यात डिकीत ओल येऊ लागली. गॅरेजमध्ये गालिचा उचलला तेव्हा स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचलेले होते आणि पत्रा गंजू लागला होता. धडकेने मागचा पत्रा जरासा आत गेला होता, डिकीचे झाकण एका बाजूला नीट बसत नव्हते आणि तिथले रबर पाणी अडवू शकत नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नव्हते. मी तेव्हा त्या तरुणाला शोधून पैसे मागितले असते, तर त्याने मला लबाडच ठरवले असते.

दोष बंपरच्या घडणीत आहे, किंवा गुण म्हण. आपल्याला दिसतो तो नुसता रंगवलेला प्लास्टिकचा पडदा असतो. हलका दाब गेला की तो बराचसा पूर्ववत फुगून येतो. त्याच्या मागे फोमचा थर, त्यामागे धातूची आडवी पट्टी, आणि ती पट्टी मोटारीच्या सांगाड्याला जोडणारे, चेपून धक्का शोषणारे डबे असतात. पडदा सरळ झाला तरी आतल्या क्लिपा तुटलेल्या असू शकतात, फोमला तडा गेलेला असू शकतो आणि डबा थोडा चेपलेला असू शकतो. आणि चेपलेला डबा पुढच्या धडकेत पूर्वीइतके काम करत नाही. म्हणून त्यांच्या मोटारीचा बंपर उतरवून पाहू दे, त्याचे लेखी अंदाजपत्रक येऊ दे, आणि तुझ्याही मोटारीचे तसेच कर. परस्पर मिटवायचेच ठरले तर कोणत्या तारखेची घटना, कोणते क्रमांक, कोणत्या नुकसानीची भरपाई आणि त्यापलीकडे मागणी नाही, असे दोघांच्या सह्यांचे लिखाण हवे. फक्त शारीरिक दुखापतीचा किंचितही संशय असेल तर असे मिटवणे बाजूला ठेवायचे, कारण दुखापतीची खबर पोलिसांना देणे अनेक ठिकाणी बंधनकारक असते आणि तिथे तुमच्या दोघांच्या सह्यांनी भागत नाही.

तुझ्या मोटारीचे नाक पुढे होते, म्हणून तुला अधिक काळजी घ्यावी लागेल. बंपरच्या मागे सर्वांत पुढे बहुधा एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर. रात्रभर मोटार उभी केल्यावर खाली पाण्याचा डाग आहे का, इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर जातो का आणि एसी गार हवा देतो का, हे आधी पाहा. बॉनेट बंद करून हाताने उचलून पाहा. त्याची कडी वाकली असेल तर ते वेगात उघडून काचेवर येऊ शकते, आणि असे दिसल्यास मोटार चालवत नेऊ नकोस, उचलून ने. अंधारात भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांचा झोत सारख्या उंचीवर पडतो का ते पाहा.

तुझ्या मोटारीत पुढच्या वाहनाचे अंतर ओळखणारे रडार आहे, आणि याच ठिकाणी गॅरेजवाले चूक करतात. हे रडार अनेकदा बंपरच्या पडद्यामागे किंवा मोटार कंपनीच्या चिन्हामागे बसवलेले असते. त्याची बैठक फक्त १ अंशाने फिरली, तर १०० मीटरवर त्याची नजर सुमारे पावणेदोन मीटर बाजूला जाते, म्हणजे जवळपास अर्धी लेन. मग ते शेजारच्या रांगेतली मोटार पाहून विनाकारण ब्रेक लावेल किंवा समोरचीकडे दुर्लक्ष करील. म्हणून बंपर उतरवला किंवा बदलला की रडारचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करून त्याचा छापील अहवाल मागून घे, आणि ही बाब अंदाजपत्रकात पहिल्यापासून लिहायला लाव. रडारच्या समोरच्या भागावर लांबी (पुट्टी) भरून जाड रंग चढवणेही चालत नाही, कारण लहरी त्यातून जायच्या असतात. तुझ्या ओळखीचा डेंटिंगवाला स्वस्तात करून देईल यात शंका नाही. पण त्याच्याकडे कॅलिब्रेशनची साधने नसतील तर तो फक्त रंगाचे काम करील, हे लक्षात घेऊन जा.

दावा करणार असशील तर विम्याच्या वतीने नुकसान तपासणारा सर्वेअर येऊन पाहीपर्यंत काहीही उघडू किंवा बदलू देऊ नकोस. उघडल्यावर आणखी काही मोडलेले सापडले, तर गॅरेजने तिथेच थांबून पुरवणी अंदाजपत्रक पाठवायचे आणि त्याला मंजुरी मिळाल्यावरच काम पुढे न्यायचे; हे सांगितले नाही तर तो वाढीव खर्च तुझ्या माथी येतो. बदललेले जुने भाग परत मागून पाहा.

फोटो काढलेस हे फार चांगले केलेस, पण तू पाठवलेले सहाही फोटो ओरखड्याचे आहेत. दोन्ही मोटारी एकमेकींपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात होत्या, सिग्नल कुठे होता, हे दाखवणारा दुरून काढलेला फोटो एकही नाही. आता त्या जागेवर दिवसा जाऊन रस्त्याचा एक फोटो काढून ठेव, आणि आठवते आहे तोवर वेळ, हवा, रांग, काय बोलणे झाले ते तारखेसह लिहून ठेव. चार दिवसांनी तुझी आठवण तुझ्याच सोयीने बदललेली असेल, माझीही बदलते.

राहिली ती मानेची गोष्ट. मागून धक्का बसलेल्या माणसाचे धड आसनाबरोबर पुढे ढकलले जाते आणि डोके क्षणभर मागे राहते. त्या ताणाचे दुखणे पुष्कळदा लगेच जाणवत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मान आखडते. त्या वेळी ते ‘मी ठीक आहे’ म्हणाले ते खरेच होते, आणि आज त्यांना मान वळवता येत नसेल तर तेही खरेच असेल. तसे असेल तर त्यांनी डॉक्टरांना दाखवावे आणि तू ती गोष्ट कंपनीला लगेच कळवावी. तुझ्याही खांद्यांवर पट्ट्याचा दाब आला असेल. दुखत असेल तर लपवू नकोस. आणि आसनाचा डोक्यामागचा आधार तू नेहमी अगदी खाली ढकलून ठेवतेस, तो डोक्याच्या वरच्या कडेपर्यंत उचलून घे.

आज संध्याकाळी त्या गृहस्थांना फोन करशील तेव्हा आधी मानेची चौकशी कर, बंपरचे नंतर विचार. अंदाजपत्रक आले की मला पाठव.

तुझे बाबा