तोंडातले फोड आणि डेस्मोग्लीन

महोदय,

अंगावर फोड आले की ‘उष्णता’ किंवा ‘नागीण’ म्हणून मोकळे होण्याची सवय जुनीच. पण पेम्फिगस या फोडांच्या आजारात बिघाड असतो तो पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनात. शरीराचीच प्रतिपिंडे त्यावर हल्ला करतात, पेशी सुट्या होतात आणि त्या फटीत पाणी साचते.

डेस्मोग्लीनचे १ आणि ३ हे दोन प्रकार महत्त्वाचे. डेस्मोग्लीन १ त्वचेच्या वरच्या थरांत जास्त, ३ खालच्या थरांत; तोंडाच्या अस्तरात मात्र मुख्य भिस्त ३ वरच. म्हणून हल्ला फक्त ३ वर झाला तर तोंड सोलवटते, त्वचा बहुधा वाचते. फक्त १ वर झाला तर त्वचेवर वरवरचे, लगेच फुटणारे फोड येतात आणि तोंड शाबूत राहते. दोन्हींवर झाला तर दोन्हीकडे. गंमत म्हणजे स्टॅफिलोकोकस जंतूचे विषही नेमके डेस्मोग्लीन १ च कापते. तान्ह्या मुलांची कातडी भाजल्यासारखी सुटते ती त्यामुळे.

निदान चुकते ते बहुतेकदा तपासणीसाठी त्वचेचा नमुना घेताना. तुकडे दोन हवेत: एक ताज्या फोडाच्या कडेचा, फॉर्मॅलिन या नमुना टिकवणाऱ्या द्रावणात; दुसरा फोडाशेजारच्या धड दिसणाऱ्या त्वचेचा, प्रतिपिंडे शाबूत ठेवणाऱ्या मिशेल द्रावणात. दुसराही फॉर्मॅलिनमध्ये टाकला, की इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे त्वचेतली प्रतिपिंडे चमकवून दाखवणारी चाचणी, वाया गेलीच म्हणायची.

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवू नये. आणि उपचारातले स्टेरॉइड मनाने एकदम थांबवू तर मुळीच नये.

– एक त्वचाविकारतज्ज्ञ