स्वप्नातल्या ड्रॅगनला ठरावीक अर्थ नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वप्नात ड्रॅगन दिसला की शत्रुपीडा आणि पंखांचा घोडा दिसला की धनलाभ, अशी छापील समीकरणे वाचून मनापासून खेद वाटतो. युरोपातील कथांमध्ये ड्रॅगन हा आग ओकणारा, वधास पात्र राक्षस आहे, तर चिनी परंपरेत तोच पाऊस आणणारा, सम्राटाचे चिन्ह मानलेला मंगल प्राणी आहे. मग सर्व माणसांसाठी त्याचा एकच अर्थ कसा लागेल? मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी अशा प्रतिमांचे मूळ सामूहिक अबोध मनात, म्हणजे सर्व माणसांत समान असलेल्या नेणिवेच्या थरात शोधले, पण स्वप्न पाहणाऱ्याचे आयुष्य बाजूला ठेवून अर्थ लावणे त्यांनाही मान्य नव्हते. रेम झोपेचा, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात आणि ठळक स्वप्ने बहुधा पडतात त्या अवस्थेचा शोध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. या अवस्थेत मेंदूतील भावनांशी निगडित अमिग्डाला हा भाग सक्रिय असतो आणि तर्काशी संबंधित पुढचा भाग मंदावतो, हे नंतर दिसून आले. घोड्याला पंख फुटल्याचे झोपेत नवल वाटत नाही, ते बहुधा यामुळेच.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना सलग तीन रात्री ड्रॅगनला घाबरून उठली. चौथ्या दिवशी तिला चित्र काढायला सांगितले, तर ड्रॅगनच्या पंखाखाली तिने नुकताच जन्मलेला आपला भाऊ काढला आणि स्वतःला कागदाच्या पार कोपऱ्यात. हा अर्थ मला कोणत्या कोष्टकात सापडला असता?

तेव्हा स्वप्नांविषयी छापताना फलित सांगण्याऐवजी तो प्राणी काय करत होता आणि जाग आल्यावर मनात काय उरले, एवढेच वाचकाला विचारावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक