सूचना: शालेय संघांचा सराव पुन्हा सुरू करताना
सर्व प्रशिक्षक व पालकांसाठी. कोविडच्या काळात सराव मोकळ्या मैदानावर, ठरलेल्या छोट्या गटांतच घ्यावा. गट बदलू नयेत. एक मूल बाधित निघाले तर तेवढाच गट थांबवता येतो. खेळ पुन्हा सुरू करताना धावणे आधी, अंगाला अंग भिडणारी कुस्ती सर्वांत शेवटी. मैदानापेक्षा कपडे बदलायची बंद खोली आणि बस जास्त धोक्याची, तिथे मास्क हवाच.

कोविड होऊन गेलेल्या मुलाला लगेच पळवू नका, हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. लक्षणे पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांना विचारून, पहिले दोन दिवस १५ मिनिटे हलका व्यायाम, मग ३०, मग ४५. आठवडाभर सामना नाही. छातीत दुखले, धडधडले किंवा चक्कर आली की तिथेच थांबवून डॉक्टरांकडे न्या. संघातली जागा जाईल या भीतीने मुले त्रास लपवतात, म्हणून रोज एकेकाला बाजूला घेऊन विचारा.