दांडिया बाजारातल्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे मिळवून दिलंत ते बडोद्यातल्या कितीतरी बालवाडीताईंना हवं आहे आणि विचारायचं कोणाला हेच त्यांना कळत नाही. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

बारावीनंतर मी बालवाडीत लागले आणि मुलांत रमले. पण पदविका नाही म्हणून पगार वाढेना, आणि त्या पगारातून पदविकेची फी निघेना. इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका नोकरी सांभाळून करता येते, हे माहीत होतं. 'बालवाडी शिक्षिकांसाठी अनुदान' असं शोधून शोधून दमले, हाती काही लागलं नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपल्या नावाची योजना शोधू नकोस. फॉर्म उघड आणि त्यात तू कुठे बसतेस ते बघ. वय, आवक (उत्पन्न), शिक्षण, जात, गाव." बँकेत जन्म घालवलेल्या माणसाची ही नजर. आणि क्रमही तुम्हीच ठरवून दिलात: आधी परत न करायची मदत, मग बिनव्याजी, कर्ज सगळ्यात शेवटी. शिक्षणकर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे सांगूनही तुम्ही मला तिकडे जाऊ दिलं नाहीत.

शिक्षणाला मदत देणाऱ्या एका न्यासाकडे करायच्या अर्जाचा कच्चा खर्डा घेऊन आले होते, ती दुपार आठवते. पहिला अख्खा परिच्छेद घरच्या ओढाताणीचा होता. तुम्ही त्याला पेन्सिलीने कंस केलात. "हे खाली, एका ओळीत. वर लिही की तू किती मुलांना शिकवतेस, काय शिकणार आहेस, आणि नेमके किती रुपये कमी पडतात." मग जनसेवा केंद्रातला आवकीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाचा कागद, पासबुकाचं पहिलं पान, सगळं त्याच क्रमाने लावून टाचणी मारलीत. मागायला संकोच वाटतो म्हटल्यावर तुम्ही जरा रागावलातच. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच बडोद्याच्या, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. या गावात शिकण्यासाठी पैसे मागायला लाजायचं नाही, म्हणालात. त्यानंतर मी लाजले नाही. न्यासाने फी दिली, प्रकल्पाच्या साहित्याचे पैसेही दिले.

प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन या पेन्शन योजनेच्या नावात शिक्षिका कुठेच नाही, म्हणून आमच्यापैकी कुणी तिकडे बघितलंच नव्हतं. वय १८ ते ४०, महिन्याची कमाई पंधरा हजारांच्या आत, पीएफ नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही: म्हणजे आम्हीच की! २९ व्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला १०० रुपये आपले, तेवढेच सरकारचे, आणि साठीनंतर महिन्याला ३००० रुपये पेन्शन.

पण तुमचा सगळ्यात मोठा उपकार आमच्या मोठ्या ताईंवर आहे. त्या निवृत्त झाल्या तेव्हा नारळ आणि शाल मिळाली, ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना संस्थेने द्यायच्या एकरकमी पैशांचा, विषयच निघाला नाही. शिक्षकांना ती मिळत नाही, असा सगळ्यांचाच समज; २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसा होताही. तुम्ही पुढचं शोधून काढलंत. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू झाली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. हा हिशेब तुम्ही ताईंकडूनच करून घेतलात. आकडा बघून त्या कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. अर्ज गेला, पैसे आले, भांडावं लागलं नाही.

माझी जाऊ आंगणवाडीत तेडागर, म्हणजे मदतनीस आहे. दाहोदच्या खटल्यात २५ एप्रिल २०२२ ला आंगणवाडीच्या बायकांचाही ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य झाला, हे तिला मी सांगितलं. तुमच्याकडून ऐकलेलं आता मी पुढे सांगते आहे.

येत्या रविवारी आमच्या दोघी नव्या ताईंना घेऊन येते. आवकीचे दाखले त्यांनी काढून ठेवले आहेत, अर्जाचा खर्डा मी तपासला आहे. तुम्ही फक्त एकदा नजर घाला.

तुमची,
बालवाडीतली ताई