मावशींची जुनी स्लाइड

दादर, मुंबई
१४ जुलै

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, त्याचा राग मनात ठेवू नकोस. इकडे सर्व क्षेम. गुडघा आहे तसाच आहे.

गेल्या सोमवारी आपल्या मेसच्या मावशींच्या गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना, म्हणजे पॅप स्मिअर, माझ्याच मायक्रोस्कोपखाली आला. केंद्रके मोठी आणि गडद, कडा वेड्यावाकड्या, भोवती पेशीद्रव जेमतेम. डॉक्टरांनी ‘एचसिल’ असा अहवाल दिला. हा कर्करोग नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी आहे, हे तुला मी काय सांगावे! पण तीन वर्षांपूर्वीची त्यांची स्लाइडही मीच तपासून ‘दोष नाही’ म्हटले होते. ती कपाटातून काढून मी दोन संध्याकाळी पुन्हा पाहिली. संशय यावा अशी एकही पेशी नाही. परंतु गर्भाशयमुखाच्या ज्या पट्ट्यात हा रोग उगवतो तिथल्या पेशीच जवळजवळ नाहीत, आणि अल्कोहोलमध्ये बुडवायला उशीर झाल्यामुळे एका कडेच्या पेशी सुकून फुगलेल्या आहेत. एवढे तरी मी शेऱ्यात लिहायला हवे होते. लिहिले नाही.

कॅन्टीनमध्ये तू तो उस्मानाबाद जिल्ह्यातला अभ्यास माझ्यापुढे आपटला होतास, आठवते? सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया, २००९ सालचे निष्कर्ष. या रोगामागच्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले आणि पॅपने तशी ठळक घट दिसली नाही. विषाणू सापडला म्हणजे रोग सापडला असे नव्हे, बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, असे मी चिडून म्हणाले होते. ते आजही खरे आहे. तरी त्या वेळी मावशींची ती तपासणी झाली असती, तर विषाणू बहुधा तेव्हाच हाती लागला असता आणि सगळा भार माझ्या दोन डोळ्यांवर राहिला नसता. त्या तपासणीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. टेबलावर चढायला लाजणाऱ्या मावशींना ते किती सोपे गेले असते!

भेटायला गेले तेव्हा त्यांनी आधी ‘जेवलीस का?’ विचारले, मग तुझ्या नावावर अजून अकरा चपात्यांचे पैसे बाकी असल्याचे सांगितले. शुक्रवारी कॉल्पोस्कोपी आहे, गर्भाशयमुख भिंगातून पाहतील. मी सोबत जाणार आहे.

चिरंजीवांच्या बारावीच्या निकालाबद्दल अभिनंदन. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले ना?

मुंबईला आलीस की ती जुनी स्लाइड तू पाहा. त्यात काही दिसले, तर मला सांभाळून घेऊ नकोस, स्पष्ट सांग.

तुझी,
मीना