रंकाळ्याकाठच्या घरमालकांनी आधी आपला पाइप पाहावा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रंकाळा तळ्यात केंदाळ (जलपर्णी) माजलं की पेपरात फोटो येतो, मग जेसीबी येतो आणि काठावरचे आम्ही घरमालक गॅलरीत उभं राहून प्रशासनाला नावं ठेवतो. नाल्यांचं सांडपाणी अडवलंच पाहिजे, त्यात वाद नाही. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत नाव लागूनही तळ्याचं दुखणं पुरतं गेलेलं नाही. पण मी तांबट कमानीच्या बाजूला राहते, आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे विचारल्याशिवाय राहवत नाही: आपल्या घरचं पाणी जातं कुठं?

आमच्या भागातल्या जुन्या बंगल्यांना सेप्टिक टँक आहेत. शोषखड्ड्यात पाणी मुरेना झालं की गवंडी टाकीचा पाइप गुपचूप पावसाळी गटाराला जोडून देतो. वास थांबतो, मालक खूश. गटार मात्र उताराने तळ्याकडेच जातं. ऐन एप्रिलमध्ये पावसाळी गटार वाहताना दिसलं, तर ते पाणी कुणाच्या तरी घरचंच. वॉशिंग मशीनच्या मोरीत रंगपंचमीचा उरलेला रंग ओतून बाहेर गटारापाशी उभं राहा, कळेल.

हे पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) असतंच. १ किलो स्फुरदावर सुमारे ५०० किलो ओलं शेवाळ पोसू शकतं. म्हणून लॉनवाल्यांनाही सांगणं आहे. मृगाच्या तोंडावर डीएपी खत फेकता, त्या १८:४६ मधले ४६ टक्के स्फुरदाच्या ऑक्साइडचे (P₂O₅), म्हणजे निव्वळ स्फुरद सुमारे २० टक्के. पहिल्या वळवात त्यातलं बरंच तळ्यात. शेणखत घाला, तेही बेताने, आणि कुंपणालगत हातभर पट्टा हराळीला सोडा. माळी कुरकुरेल, कुरकुरू दे.

सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. पंधरा-वीस वर्षं झाकणही न उघडलेली घरं माझ्या पाहण्यात आहेत, आणि 'आमच्याकडे कधी त्रासच नाही' असं ती मंडळी अभिमानाने सांगतात! गाळाने भरलेली टाकी म्हणजे नुसता रुंद पाइप. शेजारच्या चार घरांनी मिळून टँकर बोलावला तर भाडंही वाटलं जातं. फक्त उपसलेला मैला कुठं रिकामा करणार, हे टँकरवाल्याला आधीच विचारा आणि पावती मागा. रात्री नाल्यात सोडून देणारेही असतात, आणि मग तो दोन दिवसांत आपल्याच दारात येतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रंकाळा परिसर, कोल्हापूर