संग्रहालयाचे त्या वेळचे नावही छापा

संपादक महाशय,

‘१८७२ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सुरू झाले’ अशी वाक्ये सर्रास छापून येतात. १८७२ मध्ये भाऊ दाजी हयात होते. ते गेले १८७४ मध्ये. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या त्या वास्तूचे तेव्हाचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. तिच्यासाठी नाना शंकरशेटांसोबत खटपट करणाऱ्या भाऊंचे नाव तिला मिळायला १९७५ उजाडावे लागले.

हा नुसता कीस काढणे नव्हे. जुन्या कागदपत्रांत आजचे नाव शोधले तर हाती काही लागत नाही, आणि जुने नाव शोधले की लंडनचे म्युझियम पुढ्यात येते. अशा वेळी कागदाचे साल बघावे. लंडनच्या संस्थेला ते नाव १८९९ मध्ये मिळाले, तोवर ती साउथ केन्सिंग्टन म्युझियम होती. त्यामुळे १८९९ पूर्वीच्या कागदावर हे नाव दिसले तर ते बहुधा भायखळ्याचेच. (आपले आधी, लंडनचे नंतर, हेही कधीतरी छापा!) १८६२ च्या पायाभरणीच्या मागे गेलात तर हा संग्रह फोर्टातल्या बराकीत ‘सेंट्रल म्युझियम’ म्हणून भेटतो. १८५७ च्या उठावात लष्कराने बराकी मागितल्या, वस्तू घाईघाईने टाउन हॉलमध्ये हलवल्या आणि त्या धावपळीत पुष्कळ नष्ट झाल्या.

छायाचित्रांच्या ओळींतही असाच घोळ होतो. घोड्याच्या पुतळ्याखाली नुसते ‘काळा घोडा’ लिहून भागत नाही. पाठीवर स्वार आहे का ते पाहावे. स्वार असेल तर तो सातवा एडवर्ड, १९६५ पासून भायखळ्याला. बिनस्वाराचा घोडा फोर्टातला, २०१७ चा.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे ‘साल’ विचाराल तर कोनशिला १९०५ ची, इमारत पुरी झाली १९१४ मध्ये, पण महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते, म्हणून ते ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ या तेव्हाच्या नावाने लोकांना खुले झाले १९२२ मध्ये. कोणते साल कशाचे, एवढे लिहिले तरी पुरे.

बातमीत पहिल्या उल्लेखाला त्या वेळचे नाव द्यावे, कंसात आजचे. पुढे आजचेच चालेल. जुना मजकूर उद्धृत करताना मात्र त्यातले नाव बदलू नये, खुलासा अवतरणचिन्हांच्या बाहेर करावा.

– एक अभ्यासक, भायखळा, मुंबई